यंत्रमानवी रेखाटताना

‘यंत्रमानव’ हा शब्द मराठीत चांगला रुळला आहे. त्याचे स्त्रीलिंगी रूप मात्र अजून सर्वांच्या तोंडी बसलेले नाही. यंत्रे शब्दाची वाट पाहत थांबलेली नाहीत. जानेवारी २०२० मध्ये भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने बंगळूर येथे ‘व्योममित्र’ ही स्त्रीरूपी यांत्रिक अर्धाकृती लोकांसमोर आणली. २०२१ मध्ये मुंबईतील पवई येथील केंद्रीय विद्यालयाचे संगणकशास्त्राचे शिक्षक दिनेश पटेल यांनी घडविलेली ‘शालू’ प्रकाशात आली. २०२४ मध्ये तिरुवनंतपुरम येथील एका शाळेत ‘आयरिस’ नावाची, साडी नेसलेली यंत्रशिक्षिका वर्गात उभी राहिली. अशा वार्ता खेड्यातील शाळांपर्यंतही पोहोचतात आणि विज्ञान प्रदर्शनाचे दिवस जवळ आले की, ‘सर, आम्हांला मुलगी-रोबो करायचा आहे, चित्र कसे काढू?’ असा प्रश्न शिक्षकांपुढे येतो.

प्रश्न चित्रकलेचा वाटतो. वस्तुतः तो तेवढाच नाही. यंत्राला स्त्रीचे रूप द्यावयाचे म्हणजे नेमके काय द्यावयाचे, कोणासाठी द्यावयाचे आणि ते योग्य झाले की नाही हे कोणाला विचारावयाचे, याचा विचार पेन्सिल हाती घेण्यापूर्वी करावा लागतो. या लेखात त्यासाठी वर्धा जिल्ह्यातील एका कल्पित शाळेचे उदाहरण घेतले आहे. जिल्हा कापसाचा आहे आणि स्त्री व यंत्र यांच्या नात्याचा विचार येथे फार पूर्वीपासून होत आला आहे, ही त्यामागील कारणे.

रूपाचा पूर्वेतिहास

‘रोबो’ हा शब्द चेक नाटककार कारेल चापेक यांच्या १९२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या नाटकातून जगभर गेला. शब्द सुचविला तो त्यांचे चित्रकार बंधू योसेफ यांनी. मूळ चेक शब्दाचा अर्थ वेठबिगार असा आहे, हे विसरून चालणार नाही. त्या नाटकात यंत्रस्त्रियाही होत्या. परंतु यंत्रमानवीचे जे रूप लोकांच्या डोळ्यांपुढे कायमचे ठसले, ते १९२७ मधील ‘मेट्रोपोलिस’ या जर्मन चित्रपटाने दिले. शिल्पकार वाल्टर शुल्झे-मिटेंडॉर्फ यांनी अभिनेत्रीच्या देहाचा साचा घेऊन त्यावर ते चकचकीत कवच बेतले होते. कथेत कामगारांची दिशाभूल करण्यासाठी यंत्राला एका लोकप्रिय तरुणीचा चेहरा चढविला जातो. येथे यंत्राचे काम फसविण्याचे आणि फसविण्याचे साधन स्त्रीचे रूप, अशी सांगड पडली. पुढील अनेक दशके चित्रपटांतून व चित्रकथांतून तीच आकृती थोड्याफार फरकाने फिरत राहिली : बारीक कंबर, गुळगुळीत धातूचे अंग, भावहीन सुंदर मुखवटा. आजची मुले पहिले चित्र काढतात तेव्हा नकळत याच साच्यातून काढतात. त्यात त्यांचा दोष नाही.

भारतातील उदाहरणे या दृष्टीने तपासण्यासारखी आहेत. ‘व्योममित्र’ मानवरहित गगनयान उड्डाणासाठी तयार करण्यात आली. यानातील स्थिती दर्शविणारी उपकरणे पाहणे, बिघाडाची सूचना देणे, कळफलक चालविणे, भूस्थित केंद्राशी बोलणे ही तिची कामे. तिला पाय नाहीत, कारण जागेवर बसून करावयाच्या कामांना पायांची गरज नाही. तिची कवटी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची असून वजन सुमारे ८०० ग्रॅम आहे, कारण अंतराळात न्यावयाच्या प्रत्येक ग्रॅमचा हिशेब द्यावा लागतो. म्हणजे तिच्या शरीराचा बहुतेक भाग कामाने ठरविला आहे. चेहरा व आवाज तेवढे माणसांनी निवडले आहेत. नावाचीही एक गंमत आहे. संस्कृतात सखा या अर्थाचा ‘मित्र’ शब्द नपुंसकलिंगी, मराठीत पुल्लिंगी आणि रूप मात्र स्त्रीचे. वृत्तपत्रांनी कधी व्योममित्र, कधी व्योममित्रा असे लिहून आपापल्या परीने वाट काढली.

‘शालू’ची कथा शिक्षकांना अधिक जवळची वाटेल. प्लॅस्टिक, पुठ्ठा, लाकूड, ॲल्युमिनियम अशा टाकाऊ वस्तूंपासून, सुमारे तीन वर्षे खपून व पन्नास हजार रुपयांच्या आसपास खर्च करून एका शिक्षकाने ती घरी उभारली. मराठीसह ९ भारतीय व ३८ परदेशी भाषांतून ती बोलते असे तिच्या निर्मात्याने सांगितले आहे. साधनसामग्री नाही म्हणून हातावर हात ठेवून बसणाऱ्यांना हे उत्तर आहे.

तरीही एक आक्षेप विचारात घ्यावा लागतो. युनेस्कोने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अहवालात, आज्ञा पाळणाऱ्या बोलक्या संगणक-साहाय्यकांना सर्रास स्त्रीचा आवाज दिला जातो याकडे लक्ष वेधले होते. हुकूम सोडणारा कोणीही असो, ‘हो जी’ म्हणणारी मात्र बाईच, हे चित्र मुलांच्या मनावर रोज बिंबत राहते. यंत्रमानवीचे चित्र काढणाऱ्या विद्यार्थिनीला हा आक्षेप सांगितलाच पाहिजे. चित्र काढू नको असे सुचविण्यासाठी तो सांगावयाचा नाही. ती जे काढील त्यात हे यंत्र कोणाचे ऐकते याचाही निर्णय दडलेला आहे, हे तिच्या ध्यानी यावे म्हणून सांगावयाचा.

चेहरा नसलेली ‘आई’

गोव्यातील एक उदाहरण या संदर्भात विशेष बोलके आहे. फोंडा तालुक्यातील एका रोजंदारी कामगाराच्या मुलीला स्वतःचे हात हलवून जेवता येत नव्हते. आई अंथरुणाला खिळल्यावर मुलीला भरविणार कोण, हा प्रश्न उभा राहिला. तंत्रशिक्षण न घेतलेल्या या पित्याने कामावरून आल्यावर उरलेल्या वेळात शिकत-शिकत, सुमारे चार महिने खपून, मुलीला तिच्या सांगण्याप्रमाणे भाजी अथवा वरणभात भरविणारे यंत्र तयार केले. २०२२ मध्ये ही गोष्ट प्रसिद्ध झाली आणि गोव्याच्या राज्य नवोपक्रम परिषदेने त्याला पुढील कामासाठी साहाय्य दिले. त्याने यंत्राला नाव दिले ‘माँ रोबो’. त्याला मानवी रूप नाही. ताट आहे, चमचा आहे आणि मुलीचा शब्द ऐकण्याची सोय आहे. तरीही नाव ऐकताच ते कोणालाही पटते, कारण आईचे जे काम घरात अडून राहिले होते तेच ते करते.

या प्रसंगावरून गांधीजींच्या एका संवादाची आठवण होते. १९२४ मध्ये दिल्लीत जी. रामचंद्रन यांच्याशी यंत्रांविषयी बोलताना त्यांनी शिवणयंत्राचा अपवाद केला होता. पत्नीला टाके घालण्याचे कंटाळवाणे श्रम करताना पाहून सिंगर यांनी प्रेमापोटी ते यंत्र शोधले, असा त्यांचा युक्तिवाद होता. इतिहासकार ती कथा कितपत मान्य करतील हा प्रश्न वेगळा. यंत्राची परीक्षा ते कोणाचे श्रम पाहून जन्मले यावरून करावी, ही दृष्टी महत्त्वाची.

पुढे १९२९ मध्ये अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले, तेव्हा त्याच्या अटींत ही दृष्टी उतरली. यंत्र हलके व खेड्यातील झोपडीत चालण्याजोगे असावे. स्त्रीला ते फार न थकता आठ तास चालविता यावे. तेवढ्या वेळात १६,००० फूट सूत निघावे. किंमत १५० रुपयांच्या वर नसावी आणि यंत्र वीस वर्षे टिकावे. पारितोषिक अखेर कोणालाच मिळाले नाही. परंतु त्या अटी म्हणजे आरेखनाचा उत्तम वस्तुपाठ आहे. यंत्र कसे दिसावे याविषयी त्यांत एक शब्द नाही. ज्या बाईने ते चालवावयाचे तिच्या थकव्याचा उल्लेख आहे.

गांधीजी १९३४ मध्ये वर्ध्यास आले. त्याच वर्षी अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली व जमनालाल बजाज यांनी दिलेल्या जागेत मगनवाडी उभी राहिली. जे. सी. कुमारप्पा यांच्या देखरेखीखाली तेथे घाणी, चुली, दिवे, हातकागद यांवर प्रयोग झाले. भारतानंद या नावाने सेवाग्रामात राहिलेले पोलिश अभियंते मॉरिस फ्रीडमन यांनी चाकाऐवजी धनुष्याने फिरणारी धनुष-तकली विकसित केली. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते उघडण्यात आलेले मगन संग्रहालय आजही वर्ध्यात आहे. यंत्रमानवीचे चित्र काढण्यास बसणाऱ्या वर्गाची पहिली सहल तेथे न्यावी. हात, पाय, पाठ यांचा हिशेब करून अवजार कसे घडते, हे फळ्यावर सांगून समजत नाही.

वर्गातील पाठ

आता उदाहरणाकडे वळू. देवळी, सेलू किंवा समुद्रपूर तालुक्यातील एखाद्या शाळेने ‘कापूस वेचणाऱ्या आईची सोबतीण’ हा विषय घेतला असे समजू. चित्रकला व कार्यानुभव यांच्या तासिका जोडून घेतल्यास चार ते पाच आठवड्यांत हे काम होऊ शकते.

पहिल्या दिवशी मुलांना मनाला येईल ते काढू द्यावे. बहुतेक कागदांवर लांब मोकळे केस, उंच टाचा आणि चित्रपटातील नायिकेचा चेहरा दिसेल. ही चित्रे खोडू नयेत, त्यांवर हसू नये. दिनांक घालून बाजूला ठेवावीत. शेवटी तुलनेला तीच उपयोगी पडतात.

दुसरी पायरी लहान चित्रांची. आगपेटीएवढ्या चौकटी आखून प्रत्येक मुलाने निदान वीस आकृत्या काढाव्यात आणि त्या आतून काळ्या भराव्यात. डोळे, ओठ, दागिने काढावयाचे नाहीत, केवळ बाह्यरेखा. लहान आकारात व काळ्या रंगात चूक झाकता येत नाही. आकृती उभी आहे की वाकली आहे, तिच्या हातांत काय आहे, ती चालते की बसते, एवढेच दिसते आणि तेवढेच आधी ठरावयास हवे असते. मुले पाच-सहा आकृत्यांनंतर अडतात. तेथे त्यांना शेतात नेणे हा उपाय आहे.

दसरा-दिवाळीच्या सुमारास वेचणी सुरू झाली की जिल्ह्यातील कोणत्याही शिवारात हे दृश्य दिसते. वेचणारी स्त्री दोन तासांमधून वाट काढत जाते. अंगात लुगड्यावरून पुरुषाचा लांब बाह्यांचा सदरा, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल, कमरेला ओटी. खालच्या बोंडासाठी ती कमरेत वाकते, वरच्यासाठी ताठ होते. बोंडाची वाळलेली टोके बोटांना बोचतात. ओटी भरली की धुऱ्यापर्यंत जाऊन गंजीवर रिकामी करावयाची आणि पुन्हा तासाला लागावयाचे. मुलांनी तेथे बसून एकेका हालचालीची मिनिटभरात चित्रे काढावीत. एका तासानंतर त्यांच्या कागदावरील बाह्यरेखा बदललेली दिसेल. स्त्रीची जी आकृती ते रोज पाहत होते आणि चित्रात कधीच काढत नव्हते, ती प्रथमच कागदावर येईल. सदरा पुरुषाचा असूनही ती आकृती बाईचीच आहे, हे कोणास सांगावे लागत नाही.

यानंतर वीसपैकी तीन आकृत्या निवडून मोठ्या काढाव्यात. समजा, पहिली प्रत्यक्ष कापूस वेचणारी आहे, दुसरी ओटीतील कापूस वाहून नेणारी आणि तिसरी वजन करून आकडा मोठ्याने सांगणारी. तिन्ही चित्रे कोणताही मजकूर न लिहिता गावात न्यावीत.

अभिप्राय कसा घ्यावा

येथेच बहुतेक प्रकल्प फसतात. ‘चित्र आवडले का?’ असे विचारले की शाळेच्या मुलांना कोणीही ‘छान आहे’ म्हणते आणि त्या ‘छान’चा काही उपयोग होत नाही. विचारावयाचे ते असे : ‘ही बाई काय करते आहे असे वाटते? ती तुमच्या तासातून जाईल का? कोठे अडेल?’ चित्र काढणाऱ्याने त्या वेळी समजावून सांगू नये, समर्थन तर करूच नये. ऐकलेले शब्द जसेच्या तसे लिहून घ्यावेत. एक काळजी पंचायत सदस्यांनीही घ्यावी. शेतमालक व मजूर स्त्रिया एकत्र बसल्या असता स्त्रिया बोलत नाहीत. ग्रामसभेपूर्वी होणारी महिला ग्रामसभा ही त्यासाठी योग्य जागा होय.

कापसाचे काम जाणणाऱ्या कोणाकडूनही पुढील हरकती येणे साहजिक आहे. दिवाळीनंतर पऱ्हाटीच्या फांद्या दोन्ही बाजूंनी मिळतात. तेथे रुंद यंत्र शिरणार नाही. काळी माती ओली असता चिकटते आणि वाळली की भेगाळते. लहान चाके रुतून बसतील. सकाळी दव असते, ओला कापूस वेचून चालत नाही. बोंडे एकदम फुटत नाहीत. एकाच झाडावर फुटलेले, अर्धवट उमललेले आणि हिरवे बोंड शेजारी-शेजारी असते. कवडी वेगळी काढावी लागते. हे सारे बोटे व डोळे एकाच वेळी करतात. परदेशातील मोठी वेचणीयंत्रे पाने गाळून, सर्व बोंडे एका वेळी फुटतील अशा बेताने लावलेल्या विस्तीर्ण शेतांत चालतात. आपल्याकडील लहान शेतांत व फांद्यांच्या पसाऱ्यात ती तशीच्या तशी उतरत नाहीत. पहिल्या आकृतीची अडचण मुलांना येथे कळते.

केसांची हरकत तर फार उद्बोधक आहे. कापसात केस, सुतळी अथवा प्लॅस्टिकचा धागा मिसळला की त्याची प्रत उतरते. वेचणाऱ्या स्त्रिया डोक्याला फडके बांधतात त्याचे हेही एक कारण आहे. मग नायलॉनचे लांब केस असलेली यंत्रमानवी शेतात आणणार कशी? पहिल्या दिवशी स्त्रीत्वाची खूण म्हणून काढलेले केसच प्रथम गळतात आणि त्या जागी सुती रुमाल येतो. रंग व वंगण यांबाबतही असेच : कापसाला डाग पडेल ते सर्व वर्ज्य.

चेहऱ्याविषयी मते भिन्न पडतील. जपानी अभियंते मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्ये मांडले होते की, यंत्र माणसासारखे होत जाते तसे ते आपलेसे वाटू लागते. पण जवळजवळ माणूस वाटण्याच्या टप्प्यावर एकाएकी त्याची शिसारी येते. संध्याकाळी तुरीच्या ओळीआडून हुबेहूब बाईचा चेहरा पुढे आला तर लहान मुले काय, मोठी माणसेही दचकतील. दोन ठिपके व एक रेघ एवढ्यावर भागत असेल तर ते अधिक बरे.

आलेले अभिप्राय एका वहीत तीन रकान्यांत मांडावेत : कोण म्हणाले (नाव नको, वेचणारी, मालक, विद्यार्थी एवढेच), काय म्हणाले आणि त्यामुळे चित्रात काय बदलले. प्रत्येक सूचना मान्य करावयाची नसते. ‘साडी गुलाबी करा’ ही आवड झाली; ‘चाक रुतेल’ ही अडचण झाली. अडचण आधी, आवड मागाहून. मात्र सूचना अमान्य केली तर तिसऱ्या रकान्यात कारण लिहिलेच पाहिजे. त्यानंतर पुठ्ठ्याची पूर्णाकृती करून ती प्रत्यक्ष तासातून ओढत न्यावी. कागदावर न दिसलेली निम्मी चूक तेथे दिसते.

सर्वांत अवघड अभिप्राय आकृतीविषयी नसतो. चित्र पाहून एखादी बाई सरळ विचारील, ‘हे आमची मजुरी नेते काय?’ वेचणीची मजुरी किलोवर मिळते. अनेक घरांत वर्षाच्या रोख पैशाचा मोठा भाग या काही आठवड्यांत बाईच्या स्वतःच्या हाती येतो. पहिली आकृती, म्हणजे वेचणारी यंत्रमानवी, उद्या खरोखर चालू लागली, तर ती आईची सोबतीण राहणार नाही. तिची जागा घेणारी ठरेल. दुसरी आकृती फेऱ्या वाचविते. तिसरी आणखी वेगळे काम करते : दिवसभराचा कापूस संध्याकाळी दुसऱ्याच्या काट्यावर तोलण्याऐवजी, ओटी रिकामी होताच तिच्यासमोर तोलून आकडा मराठीत मोठ्याने सांगते. वेचणाऱ्या स्त्रियांना ही आकृती अधिक पटण्याचा संभव आहे. एखाद्या मालकाला ती तितकी पटणार नाही, हेही उघड आहे. यंत्राला स्त्रीचाच आवाज द्यावयाचा असेल तर तो येथे शोभतो, कारण येथे तो ‘हो जी’ म्हणत नाही. किलो आणि ग्रॅम सांगतो.

अशा रीतीने पाठाच्या अखेरीस मुलांच्या हाती जी संकल्पचित्रे उरतील, त्यांत कदाचित नायिका नसेल. अरुंद अंगाची, उंच चाकांची, रुमाल बांधलेली, कमरेशी तराजू व पाठीशी सुती झोळी असलेली एक आकृती असेल. प्रदर्शनात ती मांडताना पहिल्या दिवसाचे चित्र आणि अभिप्रायांची वही तिच्या शेजारी ठेवावी. परीक्षकांनी गुण देताना वहीचा तिसरा रकाना पाहावा.

मजुरीच्या प्रश्नापुढील तिसरा रकाना बहुधा कोराच राहील. तो शिक्षकांनी भरू नये. वहीचे ते पान ग्रामसभेत, सरपंच व ग्रामसेवक उपस्थित असताना, ज्या विद्यार्थिनीने ते लिहून घेतले तिनेच वाचून दाखवावे.